तात्याबाच्या तोंडचा वास

मेहुणा दारू प्यायला, ही बातमी प्राध्यापक भानुदास कोकरे यांना सायट्रिक आम्लाच्या चक्राच्या मधोमध कळली. फळ्यावर चक्र अर्धं काढून झालं होतं, खडूचा बाण पुढच्या संयुगाकडे निघाला होता, आणि कॉलेजचा शिपाई दारात उभा राहून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "सर, हापिसात फोन आल्ता. तुमचं दाजी पिऊन पडल्यात. बहिनीनं लगीच बोलावलंय." वर्गाला जाग आली. बारामतीच्या त्या कॉलेजात कोकरे वर्षानुवर्षं सांगत आले होते की, बाबांनो, तुम्ही इथे बसलेले दिसता, पण खरं तर तुम्ही जळताय. सकाळी खाल्लेली भाकरी या क्षणी तुमच्या पेशीपेशीत अतिशय मंद आचेवर जळतेय, आणि ती जळतेय म्हणून तुम्ही आहात. या बातमीने आजवर एकही मान वर झाली नव्हती. "पिऊन पडल्यात" म्हटल्याबरोबर साऱ्या माना वर झाल्या. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मागून कुणीतरी हळूच बाटली उघडल्याचा आवाज काढला. कोकरेंनी बाण पुरा केला, कारण अर्धा बाण त्यांना सहन होत नसे, खडू खाली ठेवला आणि "उरलेलं उद्या," असं म्हणाले. उरलेलं जळणं उद्यावर ढकलता येत नाही, हेच तर ते गेला पाऊण तास सांगत होते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

जळोचीच्या आपल्या घरी न थांबता त्यांनी स्कूटर तशीच इंदापूर रस्त्याला लावली. तात्याबा आणि दारू हे दोन शब्द एका वाक्यात बसत नव्हते. पुतण्याच्या लग्नात सोड्याची बाटली फस्सकन उघडली तर जागा बदलून बसलेला हा माणूस. त्यात बिरोबावस्तीवरचा दारूचा गुत्ता ज्या बायकांनी मागच्या वर्षी मोडला, त्यांच्या समितीची अध्यक्ष सिंधुबाई, म्हणजे कोकरेंची थोरली बहीण आणि तात्याबाची बायको. तालुक्याच्या पेपरात तिचा फोटो आला होता; फुटलेल्या मडक्यांमागे उभी, कमरेवर हात. म्हणजे आता वस्ती हसत असणार. आणि हसणाऱ्या वस्तीपुढे उभं करायला शिकलेला भाऊ हवा असणार. हे कोकरेंना नेहमीचंच होतं. वीज मंडळाचं बिल चुकलं, म्हशीचा विमा अडला, सोयरीक फिसकटायला आली, की त्यांना बोलावणं यायचं, आणि तिथे त्यांच्या शिक्षणाचा कशालाही उपयोग व्हायचा नाही. घरातल्यांनी त्यांना डॉक्टर व्हायला पुण्याला पाठवलं होतं. ते जीवरसायनशास्त्र शिकून परत आले. त्यांचे वडील, अप्पा, पावण्यारावळ्यांना समजावून सांगायचे, "डाक्टरच हाय, पन हात लावत न्हाय." काटेवाडी मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, उन्हाचं साखरेत रूपांतर करत, कुणालाही न सांगता, कुणीही न विचारता. कोकरेंना उसाचा हेवा वाटला. त्याला पिऊन पडलेला मेहुणा नव्हता.

तात्याबाला घरातून काढून गोठ्यात, गव्हाणीच्या शेजारी बाजेवर टाकलं होतं. पुढे अंगणात समितीच्या पाच-सहा बायका बसल्या होत्या, आणि सिंधुबाई त्यांच्यात न बसता चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. भावाला बघून तिने नुसती मान हलवली. बोलल्या त्या द्वारकाबाई. समितीत बोलायचं काम त्यांचंच असे. "या मास्तर. तुमचीच वाट बघत व्हतो. कालपास्नं वास येतोय. पाय अडखळत्यात, ओकतोय, इचारलं तर जीभ वळंना. अध्यक्षीनबाईचा न्हवरा म्हून सोडलं, तर उद्या आमी कुनाच्या तोंडाचा वास घ्यायचा?" कोकरे म्हणाले, "दाजी कधी पीत नाहीत, तुम्हाला माहीत आहे." "म्हाईत व्हतं. तुमीच वास घ्या आन मग सांगा, आमी आळ घेतो म्हून." कोकरे बाजेवर वाकले. तात्याबाचे गाल बसले होते, ओठांना चिरा पडल्या होत्या, आणि तो लांब, खोल, भात्यासारखा श्वास घेत होता. जणू इंदापुरापासून पळत आलाय आणि अजून थांबलेला नाही. डाव्या पायाला उसाचं खोडकं लागून झालेली जखम फडक्याखाली काळी पडली होती. मग वास आला. पिकून फुटलेल्या पेरूचा गोड वास, आणि त्याच्या पाठीमागे प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या फळीवरच्या एका बाटलीचा.

तो वास कोकरेंच्या नाकात त्या बाटलीच्या कितीतरी आधीपासून होता. अप्पांची मेंढरं, माळावर ओळीनं बसवलेली, थंडीची सकाळ, आणि कुंपणाला डोकं टेकून उभी राहिलेली एक गाभण मेंढी. ती खात नसे, चालत नसे, डोळे उघडे असून तिला दिसत नसे. अप्पा तिचा जबडा हातानं फाकवून नाक आत घालायचे, मग पोरांना बोलवायचे. "भानू, हुंग. सिंधू, तू बी हुंग. ग्वाड येतोय का? मग दोन हायेत पोटात." दोन कोकरं पोटात वाढत असली की मेंढीचं खाणं पुरत नाही, एवढं अप्पांना ठाऊक. नळीनं गुळाचं पाणी पाजायचं. काही जगायच्या, काही नाही. पुण्याच्या हॉस्टेलात, एका जाड पुस्तकाच्या पानावर, भानूला एकदम त्या मेंढीचं तोंड भेटलं. साखर संपली की शरीर चरबी चुलीत घालतं. पण चरबी नीट जळायलाही साखरेचा विस्तव लागतो, तो नसला की ती अर्धवट जळते आणि तिचा धूर तोंडावाटे बाहेर येतो. अ‍ॅसिटोन. त्या दिवशी तो इतका आनंदला होता की मेसमध्ये जेवताना त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. समोरच्या मुलानं ताकाची वाटी मागितली आणि राहून गेलं. आणि आता तो बाजेवर वाकला होता, आणि बाजेवर मेंढी नव्हती. या माणसाच्या रक्तात साखर ओसंडून वाहत असणार आणि पेशीचं दार बंद असल्यामुळे तिचा एक कणही आत जात नसणार. मेंढीकडे सरपण नव्हतं, याच्याकडे होतं ते अंगणात भिजत पडलं होतं. धूर मात्र दोघांचा एकच. कोकरेंना हे सगळं एका क्षणात, बाणांसकट, दिसलं. आणि पुढच्याच क्षणी कळलं की आता हे द्वारकाबाईंना सांगायचं आहे.

"ही दारू नाही," ते म्हणाले. "मग काय अत्तर हाय?" द्वारकाबाई म्हणाल्या. बायका हसल्या नाहीत, तेच वाईट होतं. "हा आजार आहे. मधुमेहाचा. रक्तात आम्ल वाढलंय, म्हणून ते असा श्वास घेतायत. शरीर ते बाहेर टाकायला बघतंय. आत्ताच्या आत्ता बारामतीला नेलं पाहिजे, नाहीतर आज-उद्यात हा माणूस जाईल." "पिल्यावर समदीच आजारी पडत्यात. तुमी डाक्टर हाय का, मास्तर?" "नाही, पण—" "मग झालं तर. आधी हूं म्हनू द्या. मग न्या कुठं न्यायचं तितं." कोकरेंनी बहिणीकडे पाहिलं. ती बाजेच्या खुराकडे बघत होती. त्यांनी उजवा हात उचलला तर तो हवेत वर्तुळ काढायला लागला होता, सवयीनं. दोन बायका त्या हाताकडे बघत होत्या, हे बी थोडी घिऊन आलंय की काय, अशा नजरेनं. आयुष्यभर त्यांनी जी गोष्ट शिकवली, तिचा एकमेव उपयोगाचा दिवस आज उगवला होता. त्या दिवशी त्यांच्यापाशी फळा नव्हता, अधिकार नव्हता आणि चारचाकी नव्हती. तात्याबानं डोळे उघडले. "पानी," तो म्हणाला, आणि मग मेहुण्याला ओळखून, "पावणं, चा घेतला का?"

चारचाकी निघाली ती गेणबाची. गेणबा म्हणजे द्वारकाबाईंचा नवरा, काटेवाडी ते बारामती माणसं कोंबून नेणारी वडापची जीप चालवणारा, आणि वस्तीवरचा शेवटचा पिणारा. समितीच्या धाकानं हल्ली तो बारामतीतच पिऊन, वास उडेपर्यंत तिथेच झोपून मग घरी येत असे. त्या दिवशी तो नेमका शुद्धीवर होता. गोठ्याच्या खांबाला टेकून तो इतका वेळ सगळं ऐकत होता. "चला मास्तर, मी नेतो," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "तात्या आता आपला मानूस हाय." दोघांनी मिळून तात्याबाला उचललं. तो हलका लागला. गेल्या काही महिन्यांत तो हळूहळू स्वतःच चुलीत गेला होता. सिंधुबाई मागच्या फळीवर येऊन बसली आणि नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "अध्यक्षीनबाई, कबूल केलेलं न्हाय त्यांनी." सिंधुबाई म्हणाली, "आल्यावर करंल. चल रं गेणबा."

रस्त्यानं कोकरे बोलत राहिले. गप्प बसले असते तर मागून येणारा तो श्वास ऐकू आला असता. त्यांनी गेणबाला पेशी समजावून सांगितली, तिचं दार, दाराची किल्ली म्हणजे इन्सुलिन, किल्ली चालेनाशी झाली की चरबीचं सरपण, सरपणाचा धूर. गेणबा गिअर बदलताना सुद्धा मान त्यांच्याकडेच ठेवत होता. "म्हंजी मानूस न पिता बी तोंडाला वास येतो?" "येतो." "अंगातल्या अंगात तयार व्हतो?" "हो." "आन मानूस झुकांड्या खातो?" "खाऊ शकतो." "डाक्टर बी असंच म्हनंल?" "म्हणेल ना." "बायली," गेणबा म्हणाला आणि आता कुठे त्यानं रस्त्याकडे बघितलं. इतका लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी कोकरेंना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. तशाही स्थितीत त्यांना बरं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी वास घेतला, पाय बघितला, रक्त तपासलं, आणि कोकरेंनी वाक्य सुरू करायच्या आत सलाइन लावून इन्सुलिन चालू केलं. कोकरेंना काही बोलावंच लागलं नाही. हाही एक प्रकारे अपमानच होता. बाहेरच्या बाकावर सिंधुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. संध्याकाळ होत आली तेव्हा ती समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, भानू." "काय?" "ती दारू न्हवं ते. पयल्या वासालाच वळाकलं. अप्पाच्या मेंढरांचा वास." कोकरेंना आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग बोलली का नाहीस?" "काय बोलू? माझा न्हवरा मेंढीवानी आजारी हाय? द्वारका काय म्हनली असती? बाकीच्यांचं न्हवरं पित्यात, अध्यक्षीनबाईचा तेवढा आजारी पडतो." तिनं पदर बोटाला आणखी घट्ट गुंडाळला. "बाहीर गप बसले. पन आत मी त्यांना गुळपानी पाजत व्हते. काल, आज. तांब्या-तांब्या. अप्पा पाजायचं तसं." कोकरेंना तो तांब्या दिसला, एकामागून एक, ज्या घरात सरपण आधीच ओसंडून चाललं होतं त्या घरावर ओतला जाणारा. तिनं वास ओळखला होता, रोग ओळखला होता, एवढंच की रोगी ओळखण्यात एका प्राण्याची चूक झाली होती. आणि तेवढ्या चुकीनं ती नवऱ्याला रोज थोडं थोडं बुडवत होती, प्रेमानं, चोरून. "त्यानंच दम धरला न्हवं त्यांनी, तू येस्तवर?" तिनं विचारलं. विद्यापीठाच्या परीक्षेत याला शून्य गुण असते. कोकरे म्हणाले, "वेळेत पोचलो आपण, अक्का." तिनं ते होकारासारखं घेतलं आणि पदर सोडला.

तात्याबा वाचला. पायाची दोन बोटं गेली, पण तो वाचला, आणि उठून बसता यायला लागल्यावर आलेल्या-गेलेल्याला चहा घेतला का विचारू लागला. कोकरेंनी रजा टाकून एक मोठा पांढरा कागद आणला, त्यावर रंगीत खडूंनी पेशी काढली, दार काढलं, किल्ली काढली, धूर काढला. वस्तीच्या बैठकीत हे लावायचं आणि दाजींचं नाव धुऊन काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कधी नव्हे ते आपलं चक्र एका माणसाच्या अब्रूच्या उपयोगी पडेल, या कल्पनेनं त्यांना झोप लागत नव्हती. घरी सोडायच्या आदल्या दिवशी सिंधुबाईनं तो कागद पाहिला, गुंडाळला आणि खाटेखाली ढकलला. "ह्ये लावायचं न्हाय." "का?" "गेणबा आता वस्तीवरच प्यायला लागलाय. घरात बसून. द्वारकानं वास धरला, तर म्हनतो, मला साखर झालीया. मास्तरांनी सांगितलंय, वास अंगातल्या अंगात तयार व्हतो, डाक्टरला इचार. तिच्या दंडावर वळ हायेत, भानू. आजून दोघांनी त्येच सुरू केलंय. पेशी पेशी करत्यात पिऊन." कोकरे म्हणाले, "अगं, त्याला साधी तपासणी असते, लघवीत पट्टी बुडवली की—" "कोन बुडवनार? दिवस मावळला की वेशीवर उभं ऱ्हाऊन गड्यांची लघवी तू तपासनार हायेस?" कोकरे खाटेखालचा कागद ओढायला वाकले. "तुझं खरं असंल. पन त्ये खरं वस्तीवर आलं की द्वारका मार खाती." "आणि दाजींचं नाव?" खाटेवरून तात्याबा म्हणाला, "पावणं, नाव काय, न्हाय तरी कोन घेतंय." आणि हसला. तो हसला म्हणून कोकरेंना त्याचा विलक्षण राग आला. ज्या माणसाला वाचवायला ते तडफडले, तो आयुष्यभराचं नाव उचलून देत होता, आणि तेही भाजीवर कोथिंबीर दिल्यासारखं.

बैठक बिरोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर, सकाळी. बायका एका बाजूला, गडी दुसऱ्या. द्वारकाबाईंनी लांब हाताचं पोलकं घातलं होतं. गेणबा पुढेच बसला होता, मास्तर आता काय सांगतात ते ऐकायला उत्सुक, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा. काठी टेकत तात्याबा उभा राहिला. पुजाऱ्यानं त्याच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला. भंडारा हातात घेऊन वस्तीवर कुणी खोटं बोललेलं कुणाला आठवत नव्हतं. सोयरिकी त्यावर जुळत, बांधाची भांडणं त्यावर मिटत. तात्याबानं त्या पिवळ्या हळदीकडे बराच वेळ पाहिलं. मग मूठ मिटली. "पिलो," तो म्हणाला. "दारू पिलो. वास दारूचाच व्हता. मास्तरांनी भनीच्या मायेपायी आजाराचं नाव सांगितलं. साखरबिखर काय न्हाय." गेणबाचा चेहरा हळूहळू पडला. त्याच्या मागच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोकरे ओट्याच्या कडेला बसून बघत होते, आणि एका वाक्यानं एवढं मोठं शास्त्र पुसून टाकलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

तिथे हे संपायचं. पण द्वारकाबाई उठल्या. त्यांच्या आवाजात आता धार नव्हती, नियम होता. "कबूल केलं, चांगलं झालं. पन आणली कुठनं? पिनाऱ्याला एक डाव माफी हाय, आणून देनाऱ्याला न्हाय. त्याचं नाव सांगितल्याबगर भंडारा खाली ठिवता येत न्हाय." तात्याबानं तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःपुरतं खोटं बोलण्याइतकी त्यानं देवाशी तडजोड केली होती. दुसऱ्या कुणाचं नाव भंडाऱ्यावर घ्यायची केली नव्हती. त्यानं काठीवर भार टाकला. काठी हलली. गड्यांच्या बाजूला कुजबुज झाली, गेणबा परत ताठ बसला. "बघा, सांगता येईना," तो म्हणाला, "कारन पिलाच न्हाय." कोकरेंना तात्याबाच्या कपाळावर घाम दिसला, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो सकाळच्या इन्सुलिनचा: टोचून घेतल्यावर याने काही खाल्लंय का? तोच विचार करत ते उठले. पुढे गेले. तात्याबाची मूठ त्यांनी सोडवली आणि भंडारा आपल्या हातावर घेतला. तात्याबाचा हात गार आणि ओला होता. "मी आणून दिली," प्राध्यापक कोकरे म्हणाले. "बारामतीहून."

गेणबा त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू शिक्षकानं परीक्षेच्या दिवशी पुस्तकच फाडलं. द्वारकाबाई खाली बसल्या. आता बोलायचं होतं ते अध्यक्षांनी. सिंधुबाई उठली. तिने पदर डोक्यावर घेतला, भावाच्या पिवळ्या तळहाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं नाही. "नेम समद्यांला सारखा," ती म्हणाली. "वस्तीवर दारू आणली, त्याला फुडच्या जत्रंपातूर हितं पाय ठिवायचा न्हाय. कुनी त्याला पानी द्यायचं न्हाय, बाज टाकायची न्हाय. माझ्या घरात बी न्हाय." मग, "ऐकलं का मास्तर?" तिनं त्यांना आयुष्यात प्रथमच मास्तर म्हटलं होतं. "ऐकलं," ते म्हणाले.

त्यांनी स्कूटर सुरू केली. तिसऱ्या लाथेला ती लागली तेव्हा मागून काठीचा आवाज आला आणि तात्याबा बोटं गेलेला पाय सांभाळत मागच्या सीटवर चढून बसला. आज बारामतीला पट्टी बदलायची होती, आणि गावबंदी कोकरेंना होती, त्यांच्या स्कूटरला नव्हती. सिंधुबाईनं पळत येऊन त्याच्या खिशात कागदात बांधलेली भाकरी कोंबली आणि माघारी गेली. कोकरे रागात होते. बहिणीवर, गेणबावर, स्वतःवर, आणि सगळ्यात जास्त त्या चक्रावर, जे इतकं खरं होतं आणि ज्याचं कुणाशी काही देणंघेणं नव्हतं. ते आत्ताही फिरत होतं, त्यांच्यात, तात्याबात, ओट्यावरच्या साऱ्या माणसांत, खरं-खोटं न विचारता. वस्तीची शेवटची भिंत मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस लागला.

"दाजी, आधी भाकरी खा," ते म्हणाले.

"खातो की." मागे कागद सुटल्याचा आवाज आला. घास चावत तात्याबानं विचारलं, "पावणं, एक इचारू? आता लोकं मला इचारनार. कशी लागती वो ती तोंडाला?"

"काय?"

"दारू."

कोकरेंनी स्टाफच्या सहलीत एकदा घेतलेल्या दोन घोटांची आठवण काढायचा प्रयत्न केला. "कडू," ते म्हणाले. "घशात जळजळ होते."

"कडू," तात्याबा घोकल्यासारखा म्हणाला. "घशात जळती." त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. "आन मग लोकं पित्यात कशाला?"